तिजोरी रिकामी असताना झाडू कोणाच्या हाती?

(विटा, जि. सांगली येथे महिला मंडळे, बचत गट आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)

आजच्या शिबिराच्या पत्रिकेवर माझा विषय बराच लांबलचक छापला आहे : ‘आर्थिक अडचणीच्या काळात शहरातील घनकचरा व्यवस्थापनाचे नियोजन’. मघाशी चहाच्या वेळी एक ताई शेजारणीला म्हणाल्या, “हा इंजिनिअर लोकांचा विषय, आपल्याला काय कळणार?” त्या ताईंचे नाव मी सांगणार नाही, पण उत्तर मात्र सगळ्यांसमोर देते. शहरातला निम्मा कचरा स्वयंपाकघरातून निघतो. तिथे कोण उभे असते? रस्ता झाडायला पहाटे कोण येते? आणि घंटागाडी चार दिवस आली नाही तर घरातल्या कुजक्या डब्याचे काय करायचे, याची चिंता कोणाला लागते? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ज्या कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बायकांचे हात आहेत, त्या कामाचे नियोजन मात्र बायकांना कळत नाही असे म्हणायचे, ही मोठी गंमत आहे. या गमतीबद्दलच मला आज बोलायचे आहे.

विट्यात हा विषय काढायलाही कारण आहे. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांमध्ये विटा देशात पहिले आले. दुसरे लोणावळा, तिसरे सासवड. तिन्ही आपल्या महाराष्ट्रातली. पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या खानापूर तालुक्यातल्या गावाने दिल्लीत पहिला नंबर घ्यावा, याचा अभिमान तुम्हाला वाटतो तसा मलाही वाटतो. पण बक्षीस एकदा मिळते आणि कचरा रोज होतो. बक्षिसाच्या फोटोत जे उभे असतात ते बदलत राहतात. झाडू मारणारी तीच असते. म्हणून बक्षिसाच्या पुढचा प्रश्न आपण विचारायचा : पैसा कमी पडेल तेव्हा हे काम कसे चालेल आणि त्याची किंमत कोण मोजेल?

पैसा येतो कुठून?

आधी तिजोरीकडे बघू. एकेकाळी नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात होती. गावाच्या वेशीवर नाका असे, माल आत येताना रोजचा रोख पैसा जमा होई. १९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. जकातीचा जाच व्यापाऱ्यांना होता, ती गेली याचे दुःख करायचे कारण नाही. पण त्या दिवसापासून नगरपालिकेची नजर वेशीकडून मुंबईकडे वळली. अनुदान कधी येणार, किती येणार, हे गावाच्या हातात राहिले नाही.

हातात राहिली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. आता विट्यासारख्या गावात घरपट्टी कशावर अवलंबून असते? इथे यंत्रमाग आहेत, पोल्ट्री आहे, गलाईसाठी देशभर गेलेल्या माणसांनी पाठवलेला पैसा आहे. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० चा लॉकडाऊन यांचे धक्के छोट्या धंद्याला कसे बसले ते तुम्हाला सांगायला नको. माग बंद पडला की कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी आधी बंद होते, आणि मग त्या घराची पट्टी थकते. म्हणजे गावाची अडचण आणि नगरपालिकेची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गाव अडचणीत आले की पालिकेची वसुली घटते, आणि नेमक्या त्याच वेळी लोकांना पालिकेच्या सेवांची गरज जास्त लागते.

तुम्ही म्हणाल, केंद्राचा पैसा येतो की! येतो. पण तो कसा येतो ते नीट समजून घ्या, कारण आपल्या सगळ्या चर्चेची किल्ली तिथे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या शहरांना जो निधी दिला, त्यातला ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि ३० टक्के पाण्यासाठी बांधून दिलेला होता. उरलेला ४० टक्के मोकळा होता, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायला मनाई होती. स्वच्छ भारत अभियानाचा निधीही मुख्यतः प्रकल्प उभारणीसाठीच असतो.

याचा अर्थ साध्या भाषेत काय? गाडी घ्यायला पैसा मिळतो, शेड बांधायला मिळतो, यंत्र बसवायला मिळतो. गाडी चालवणाऱ्याचा आणि गाडीमागे चालणारीचा पगार मात्र गावाच्या घरपट्टीतून किंवा अनुदानातून काढायचा. तेव्हा अडचण आली की नवे यंत्र दारात उभे असते आणि पगाराला पैसा नसतो. हे विरोधाभासाचे चित्र दिसले की आपण म्हणतो, “भ्रष्टाचार असणार.” तोही असू शकतो. पण भ्रष्टाचार नसला तरी हे घडते, कारण पैशाची वाटच तशी घातलेली आहे. हे समजले नाही तर आपण चुकीच्या माणसाशी भांडत बसू.

कात्री कुठे लागते?

पैसा कमी पडला की कात्री लावायची, हे तर आपण घरातही करतो. पण घरात कात्री कुठे लागते? पोरांच्या दुधाला शेवटी, नवऱ्याच्या तंबाखूला बहुधा नाहीच, आणि बाईच्या ताटाला सगळ्यांत आधी. नगरपालिकेचे अंदाजपत्रकही याच वळणाने जाते. ज्याचा आवाज कमी, त्याच्या वाट्याला कात्री आधी.

कामगार कमी करून कचऱ्याचा खर्च वाचवता येतो का, याचा एक मोठा धडा १९७५ साली न्यूयॉर्क शहराने दिला. जगातले श्रीमंतांचे शहर, पण तिजोरी रिकामी झाली. त्या वर्षी १ जुलैला पालिकेने सुमारे तीन हजार सफाई कामगारांना घरी पाठवले. उरलेल्यांनी लगेच काम थांबवले, आणि ऐन उन्हाळ्यात रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. शेवटी पैसा उभा करून काही कामगारांना परत घ्यावे लागले. पैसेवाल्या शहराची ही गत, तर आपली काय कथा?

आपल्याकडे असे धाडकन कोणी कामावरून काढत नाही. आपल्याकडे कात्री हळू चालते. जागा रिकामी झाली की भरायची नाही. काम ठेकेदाराला द्यायचे. ठेकेदाराचे बिल थकवायचे, म्हणजे ठेकेदार बायकांचा पगार थकवतो. हातमोजे ‘पुढच्या वर्षी’. साबण ‘पुढच्या वर्षी’. मी काम करते त्या भागातल्या एका गावात ठेक्यावरच्या झाडूवाल्या बायांना तीन महिने पगार मिळाला नव्हता. त्यांच्यातल्या एकीला मी विचारले, “तरी रोज कामावर का येता?” ती म्हणाली, “न्हाई आलो तर नाव काढतील. आन्‌ मग तीन महिन्यांचं बी मिळणार न्हाई.” थकलेला पगार हाच तिला बांधून ठेवणारा दोर झाला होता. त्या वर्षी त्या गावाच्या कागदावर कचऱ्याचा खर्च कमी झालेला दिसला असेल. खर्च कमी झाला नव्हता, तो त्या बायांच्या किराणा दुकानातल्या उधारीवर सरकला होता.

दुसरी कात्री लागते ती कचऱ्यावरच्या प्रक्रियेला. गोळा करणे आणि गावाबाहेर नेऊन टाकणे हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्यावर खर्च होतो. प्रक्रिया गावाबाहेर, दिसत नाही, म्हणून ती पुढे ढकलायची. पुढे ढकललेल्याची किंमत काय होते ते तेव्हाच्या औरंगाबादने २०१८ साली पाहिले. नारेगावच्या डेपोवर वर्षानुवर्षे शहराचा कचरा टाकला जात होता. फेब्रुवारीत तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, शहरात कचरा साठला, आणि मार्च महिन्यात मिटमिट्याला कचरा टाकण्यावरून दगडफेक, जाळपोळ, लाठ्या झाल्या. त्याआधी १९९४ साली सुरतेत प्लेग झाला, तेव्हा अस्वच्छतेचा हिशेब सगळ्या देशाने भीतीने वाचला. सुरतेने पुढे सफाईची घडी पूर्ण बदलली. १९९६ मध्ये कचऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००० साली शहरांच्या कचऱ्याचे नियम आले. वाचवलेला पैसा असा दामदुपटीने वसूल होतो.

दोनशे आठ बिनपगारी कामगार

आता थोडा हिशेब करू. हिशेबाला घाबरू नका, भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या बायका आहात तुम्ही.

२०११ च्या जनगणनेनुसार विट्याची लोकसंख्या ४८ हजारांच्या आसपास होती. छोट्या शहरात माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात. आपण २५० धरू. म्हणजे दिवसाला १२ टन. यातला निम्मा ओला धरला तर ६ टन. हा ६ टन ओला कचरा वेगळा राहिला तर त्याचे खत होते, गॅस होतो. तोच प्लास्टिक, काच, औषधांच्या बाटल्यांत मिसळला की बाराच्या बारा टन घाण होते. मग ती उचलायला गाड्या, निवडायला यंत्र, टाकायला जमीन.

विटेकरांना हे वेगळे समजावायची गरज नाही. गलाईच्या धंद्यात मिसळलेले सोने शुद्ध करायला भट्टी लागते, तेजाब लागते, कसबी माणूस लागतो. मिसळताना कष्ट नाहीत, वेगळे करताना सगळा खर्च आहे. सोन्यात तो खर्च परवडतो. कचऱ्यात परवडत नाही. म्हणून ज्या गावाकडे पैसा कमी, त्याने तर मिसळूच द्यायचे नाही. सिंधुदुर्गातले वेंगुर्ले हे जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव. २०१५ नंतर तिथे घरातच कचरा वेगवेगळा करायची सवय लावली गेली आणि डेपोवर त्याहून बारीक वर्गीकरण होऊ लागले. जिथे नाक धरून जावे लागे तिथे लोक सहलीने बघायला येऊ लागले. मोठ्या यंत्राच्या आधी चांगली सवय, हा त्यातला धडा.

तेव्हा अडचणीच्या काळातला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घरातच ओला-सुका वेगळा करणे. सगळे अधिकारी हेच सांगतात आणि ते बरोबरच सांगतात. पण ‘स्वस्त’ हा शब्द ऐकला की आपण कान टवकारायचे. कोणाला स्वस्त?

विट्यात अंदाजे दहा हजार घरे धरा. दोन-तीन डबे सांभाळणे, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणे, गाडीच्या वेळेला दारात उभे राहणे, यांत घरटी रोज दहा मिनिटे जातात असे समजा. दहा हजार घरांची झाली एक लाख मिनिटे. म्हणजे सुमारे १,६६६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर २०८ माणसांचे रोजचे काम! ज्या नगरपालिकेकडे वीस माणसे वाढवायला पैसा नाही, तिच्याकडे २०८ बिनपगारी कामगार आहेत. त्या आपण आहोत. कोणत्याही अंदाजपत्रकात आपली ओळ नाही.

मी असे म्हणत नाही की कचरा वेगळा करू नका. मीही करते, तुम्हीही करा. पण हे काम ‘गृहिणीचे कर्तव्य’ म्हणून भिंतीवर रंगवले जाते, डबा हातात घेतलेली पदरवाली बाई काढली जाते, तेव्हा आपण विचारायचे, की या चित्रातला पुरुष कुठे आहे? घरातले प्रत्येक माणूस कचरा करते, तर प्रत्येकाने तो योग्य डब्यात टाकायला काय हरकत आहे? आणि दुसरे, आपण रोज १,६६६ तास गावाला देतो, तर त्याच्या बदल्यात गावाने आम्हाला काय द्यायचे, हे ठरवायला आम्ही बैठकीत बसणार. ज्याचे भांडवल त्याचा मताचा अधिकार. आमचे श्रम हे भांडवल आहे.

गाडीमागे चालणाऱ्या बाया

आता आपल्यातल्याच दुसऱ्या बायकांकडे वळू. झाडणाऱ्या, गाडीवर काम करणाऱ्या, डेपोवर निवडणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या. यांत दलित आणि भटक्या समाजांतल्या बाया किती मोठ्या संख्येने आहेत हे वेगळे सांगायला हवे का? बामणाघरी लिहिणे, कुणब्याघरी दाणे आणि आमच्या घरी झाडू, अशी वाटणी जातीने केली आणि स्वच्छतेचे गोडवे गाणाऱ्यांनी ती तशीच चालू ठेवली. स्वच्छ शहराचा विचार करताना हा जातीचा प्रश्न बाजूला ठेवला तर आपण फक्त आपल्या दारापुरता विचार केला असे होईल.

या बायांनी संघटना करून काय मिळवले त्याची दोन-तीन उदाहरणे सांगते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणारी ही भिकारी नाही, चोर नाही, ती कामगार आहे, हे तिने शहराला मान्य करायला लावले. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. दारोदार कचरा गोळा करायचा, सेवेचे पैसे घराघरातून घ्यायचे आणि भंगार विकून येणारा पैसा कामगाराचा. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरा वेचणाऱ्या बायांना शिकवून खत आणि बायोगॅसच्या कामात आणले. आणि मुंबईतच कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढून २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा मिळवला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

पुण्याची पद्धत पालिकेला स्वस्त पडते, म्हणून अडचणीतल्या पालिकांना ती आवडते. ‘आपल्याकडे बचत गटांना द्या की काम’ असे लगेच सुचवले जाते. इथे, मैत्रिणींनो, मी तुम्हाला सावध करते. बचत गटाने हे काम घेण्यात वाईट काहीच नाही. ठेकेदाराच्या खिशात जाणारा नफा बायांच्या हातात येणार असेल तर जरूर घ्यावे. पण करार करताना बघा. मजुरी किमान वेतनाखाली जाते का? पी.एफ.ची रक्कम दरात धरली आहे का? हातमोजे, बूट, रेनकोट कोण देणार? काच लागून हात कापला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? बिल किती दिवसांत मिळणार? हे लिहून घेतले नाही तर ठेकेदाराच्या जागी बचत गटाची अध्यक्षा उभी राहते, आणि पगार थकला म्हणून बाया पालिकेऐवजी तिच्या दारात येऊन भांडतात. बाईच्या हातून बाईलाच स्वस्तात राबवून घ्यायचे, याला सबलीकरण म्हणायचे का, ते तुम्हीच ठरवा. ठेका कोणालाही दिला तरी पगाराची शेवटची जबाबदारी मुख्य मालक म्हणून नगरपालिकेवर राहते, हे विसरू नका आणि पालिकेला विसरू देऊ नका.

ज्या कचऱ्याचे नाव घेत नाहीत

एक गोष्ट माइकवरून बोलायला अजूनही संकोच होतो, म्हणून मुद्दाम बोलते. पाळीच्या पॅडचा कचरा. आपण तो वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि सुक्या कचऱ्यात लपवतो. तो उघडते कोण? निवडणारी बाई, उघड्या हाताने. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असे सांगितले की पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी ते गुंडाळून टाकण्यासाठी पाकीट किंवा वेष्टन द्यावे. कंपन्यांनी जाहिरातींवर केला त्याच्या किती वाटा खर्च यावर केला, ते तुमच्या घरातल्या पाकिटावरून तुम्हीच पाहा. आपल्यापुरते आपण इतके करू : वेगळे गुंडाळायचे, वर लाल खूण करायची आणि वेगळे द्यायचे. गाडीवर त्यासाठी वेगळा डबा मागायचा. त्याला लाख रुपये लागत नाहीत, फक्त संकोच सोडावा लागतो.

पट्टी कोणाकडून, किती?

पैसा कमी पडला की ‘कचऱ्याची फी लावा’ असे म्हणतात. मी फीच्या सरसकट विरोधात नाही. सेवा फुकट असली की तिचा दर्जा विचारायचा हक्कही आपण गमावून बसतो. पण सगळ्या घरांना सारखी फी, हा न्याय नव्हे. एका खोलीत राहणाऱ्या कांडीवालीचा कचरा किती आणि मंगल कार्यालयाच्या एका पंगतीचा किती? २०१६ च्या नियमांत रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणारे ‘मोठे उत्पादक’ मानले आणि त्यांनी ओल्या कचऱ्याची सोय शक्यतो स्वतःच्या आवारात करावी असे सांगितले. तेव्हा आधी मंगल कार्यालये, हॉटेले, चिकनची दुकाने, भाजी बाजार यांचा हिशेब मांडा. घरांची पाळी नंतर. आणि घरांतही घरपट्टीच्या प्रमाणात. एकट्या, परित्यक्ता, विधवा बायांच्या घरांना सूट मागायची असेल तर ती आजच मागा. फी ठरल्यावर मागून काही मिळत नाही.

टंचाईत वाटप आधी

नियोजन म्हणजे काय, हे मी एम.एस.डब्ल्यू. करताना पुस्तकातून शिकले. पण टंचाईतले नियोजन या भागाने मला शिकवले. १९८० च्या दशकात याच खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभे केले. दुष्काळ होता, पैसा नव्हता. नदीतली थोडी वाळू विकून धरणाचा पैसा उभा केला. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की पाणी कसे वाटायचे ते तत्त्व त्यांनी पक्के केले. पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही. आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाचा हाच विचार पुढे गेला. भरपूर असताना वाटपात अन्याय झाला तरी सगळ्यांचे कसेबसे भागते. कमी असताना वाटप चुकले की कोणीतरी तहानलेला राहतो. पैशाचेही तसेच.

म्हणून कचऱ्याच्या अंदाजपत्रकात पैसा कमी असेल तेव्हा क्रम असा लावा, अशी माझी सूचना आहे.

पहिला पैसा पगाराला. झाडणारी, गोळा करणारी, निवडणारी यांची मजुरी दरमहा ठरल्या तारखेला. बाकी सगळे त्याच्यामागे.

दुसरा पैसा त्यांच्या सुरक्षेला. हातमोजे, बूट, साबण, वर्षातून एकदा तपासणी, आणि कामाच्या जागी पाणी व संडास. पहाटे पाचपासून रस्त्यावर असलेल्या बाईने लघवीला कुठे जायचे, हा प्रश्न स्वच्छतेच्या आराखड्यात नसेल तर तो आराखडा पुरुषांनी केला आहे असे खुशाल समजा.

तिसरा पैसा ओला कचरा वेगळा ठेवण्याला आणि जवळच जिरवण्याला. खताचे खड्डे, प्रभागात छोटी शेड.

चौथा पैसा आहेत त्या गाड्यांच्या दुरुस्तीला. नवी गाडी आली की फीत कापतात, टायर बदलला की कोणी कापत नाही. पण गाव चालते ते टायरवर.

पाचवा आणि शेवटचा पैसा नव्या मोठ्या यंत्राला. तेही एक प्रश्न विचारून : हे चालवायला वीज आणि माणूस यांचा वर्षाचा खर्च किती, आणि तो कोणत्या खात्यातून? या प्रश्नाचे उत्तर नसेल तर यंत्र फुकट मिळाले तरी महागच.

आपण काय करायचे?

१९९३ साली ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पण २०२१-२२ पासून २०२५ च्या अखेरीस निवडणुका होईपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासक होते. निम्म्या जागा कागदावर आणि सभागृह कुलूपबंद! तेव्हा नगरसेविका असोत वा नसोत, आपला दबाव बाहेरून राहायला हवा. त्या आहेत तेव्हा त्यांच्या पाठीशी, नाहीत तेव्हा त्यांच्या जागी.

अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत ठरते. मार्चमध्ये मोर्चा काढून उपयोग नसतो, दिवाळी झाली की कामाला लागायचे. प्रत्येक मंडळाने आपल्या प्रभागात एक दिवस घंटागाडीबरोबर चालायचे आणि वहीत लिहायचे : गाडी किती वाजता आली, किती घरांनी वेगळा कचरा दिला, तो गाडीत वेगळा राहिला की एकत्र झाला, कामगार बाईच्या हातात मोजे होते का, मागचा पगार कधी झाला, आणि कचरा शेवटी कुठे गेला. सहा प्रश्न, एक पान. दहा प्रभागांची दहा पाने झाली की तुमच्या हातात अधिकाऱ्यांकडे नसलेली माहिती येते. उरलेली, म्हणजे ठेक्याचा करार, थकलेली बिले, वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च, २००५ च्या माहिती अधिकारात मागा. महिला व बालकल्याणासाठी राखलेला पाच टक्के निधी डबे वाटण्यात घातला जात असेल तर हरकत घ्या. डबा ही बाईची गरज नाही, गावाची आहे. त्याचा खर्च गावाच्या खात्यातून होऊ द्या.

आणि हे सगळे करताना गाडीमागे चालणाऱ्या बाईला आपल्या बैठकीत बोलवा. तिच्यासाठी ठराव करण्यापेक्षा तिच्यासह करा. तिच्या कामाची वेळ पहाटेची, आपल्या बैठका दुपारच्या. दुपारी ती मोकळी असते. आजच्या शिबिराला ती या सभागृहात आली होती, पण आपण बसण्याआधी, झाडून घ्यायला. पुढच्या वेळी पहिल्या रांगेत तिची खुर्ची ठेवा आणि विषय मांडायला मला बोलावण्याआधी तिला बोलवा. तिजोरीत खडखडाट असताना कुठला पैसा वाचवता येतो आणि कुठला वाचवता येत नाही, हे तिला माझ्याहून चांगले माहीत आहे.

एवढे बोलून मी थांबते. आता प्रश्न विचारा.